शिवणकामातला ण

चौथीच्या बाईंचं आणि यंत्रांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. घरचा मिक्सर गुरगुरला तरी त्या चार पावलं मागे सरायच्या. नेमका त्यांच्याच वर्गात शाळेनं प्रोजेक्टर टांगला आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, म्हणाल्या, "वापरायचा हं. त्याच्यावर धूळ दिसली तर माझ्याशी गाठ आहे."

बाईंना घोर लागला होता तो वेगळाच. खिडकीशेजारच्या बाकावरची मुलगी, सगळा वर्ग तिला गप्पू म्हणायचा, गेले दोन महिने वहीत एक अक्षर उमटवत नव्हती. शनिवारपर्यंत तिच्या हातचं पानभर लिखाण दिसलं नाही तर तिला तिसरीत बसवायचं, असं मोठ्या बाईंनी सांगून टाकलं होतं. आणि दोष कुणाचा म्हणाल, तर बाईंचाच. 'माझी आई' या नऊ ओळींच्या निबंधात त्यांनी अकरा लाल गोल काढले होते. त्यातले पाच नुसते 'न' आणि 'ण'चे. त्या दिवशी गप्पूनं वही मिटली ती मिटलीच. बाईंचं मन त्यांना खात होतं.

बुधवारी भाचीनं त्यांना फोनची एक खुबी दाखवली. आपण बोलायचं, तो लिहून दाखवतो. गुरुवारी बाईंनी तीनदा वायर उलटी खुपसून अखेर फोन प्रोजेक्टरला जोडला, घसा खाकरला आणि म्हणाल्या, "भाजीवाला गाडी घेऊन आला."

पांढऱ्या फळ्यावर उमटलं, 'बाजीवाला गादी घेऊन आला.'

वर्ग खो-खो हसला. बाई ओशाळल्या, पण लगेच त्यांच्या डोक्यात काहीतरी चमकलं. त्यांनी आपलं फळ्यावर लिहायचं लाल पेन टेबलावर ठेवलं. "हसताय काय? हा आपल्या वर्गातला नवा विद्यार्थी. याचं शुद्धलेखन आजपासून तुम्ही तपासायचं."

मुलांनी त्याचं नाव पंतोजी ठेवलं. पंतोजींनी ध चा मा केला रे केला की पेनासाठी झुंबड उडायची. ज्यांच्या वह्या लाल व्हायच्या तेच आता ऐटीत गोल काढत होते. गप्पू तेवढी बाकावरून हलली नाही.

मग बाईंनी तिच्या निबंधातलं वाक्य घेतलं. ते त्यांना पाठच झालं होतं. "माझी आई शिवणकाम करते."

'माझी आई शिव न काम करते.'

"न काम करते," मागून कुणीतरी वाचलं. "म्हणजे नुसती बसून असते."

गप्पू उठली. कानापर्यंत लाल झाली होती. "खोटं आहे ते. माझी आई सकाळपासून मशीनवर असते." ती तडक फळ्याशी गेली, पेन घेतलं, 'न'भोवती गोल काढला, वर ठसठशीत 'ण' लिहिला आणि तिन्ही तुकडे रेघेनं जोडले. मग हळूच म्हणाली, "बाई, पंतोजींना ण येत नाही. मलाही येत नव्हता."

बाई म्हणाल्या, "मग तूच समजाव त्यांना. पण लिहून हं."

शनिवारी सकाळी ते पान मोठ्या बाईंच्या टेबलावर होतं. 'पंतोजी, तुम्हाला माझी आई माहित नाही म्हणून तुमचं चुकलं. ती सगळ्यांचे कपडे शिवते आणि संध्याकाळि तिचे पाय दुकतात. चुकलं म्हणून बोलणं बंद करू नका. लाल गोल बघून खूप रडु येतं पण ते थांबतं.'

मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. "अहो, यात चार चुका आहेत. तपासलं नाहीत?"

"बघितल्या मी. सोमवारी तिच्याकडूनच काढून घेईन."

"बरं. राहू दे तिला चौथीत."

बाई जवळजवळ पळतच वर्गात आल्या. बघतात तो काय, गप्पू फोनसमोर उभी राहून एकेक अक्षर सावकाश म्हणत होती, "शिवणकाम."

फळ्यावर पुन्हा 'शिव न काम'.

गप्पूनं लाल पेन उचललं, क्षणभर थांबली आणि ते परत टेबलावर ठेवलं. "असू दे पंतोजी," ती म्हणाली. "परत एकदा म्हणू."

बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या.