भट्टीने वीज सोडली

भट्टी या बँडने वीज सोडली, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हा, की गिटारीत राहायला कोण जाणार.

विजेची गिटार भरीव असते. तिच्यात कोणी राहू शकत नाही आणि तशी गरजही नसते, कारण तिचा आवाज वायरीतून येतो. साध्या गिटारीचं तसं नाही. ती पोकळ असते, तिला मधोमध गोल भोक असतं, आणि आत माणूस असल्याशिवाय ती वाजत नाही. दुकानदाराने गिटार पुसता पुसता विचारलंच, "आत कोण बसणार हाय?" पिशवी हवीय का, असं विचारावं तसं.

गिटार वाजवणाऱ्या संग्राम घाटगेने गायक इम्तियाज शिकलगारकडे पाहिलं. इम्तियाजने ड्रमर बाळगोंडा मगदूमकडे पाहिलं. बाळगोंडाने मागे पाहिलं. मागे भिंत होती.

भट्टी ही कोल्हापूरची. शिरोलीतल्या एका बंद पडलेल्या फाउंड्रीत या तिघांनी वीस वर्षं असा काही धुमाकूळ घातला होता, की छपराचे पत्रे आपणहून ताल धरायचे. बाळगोंडा ड्रम वाजवायचा म्हणजे धोपटायचाच. आणि गाणं संपलं की थरथरती झांज दोन्ही तळव्यांत धरून एका क्षणात गप्प करायचा. लोक खरं तर ती शांतता ऐकायलाच येतात, असं त्याचं स्वतःचं मत होतं.

मग पंचमीला संग्राम गावी गेला, बायकांचा झिम्मा ऐकून आला आणि बरेच दिवस कुणाशी बोलला नाही. बोलला तेव्हा म्हणाला, "आता झिम्म्याची गाणी करायची. फेराची. वीज नको."

"आणि ड्रम?" बाळगोंडाने विचारलं.

"झिम्म्याला टाळ्या पुरतात, गोंडा."

वीज सोडायची तर रीतसर सोडावी, म्हणून तिघे बाळगोंडाच्या आईकडे गेले. अक्काताई दर चातुर्मासात काही ना काही सोडत: एकदा वांगी, एकदा चप्पल, एकदा थोरल्या जावेशी बोलणं. त्यांच्यापुढे तिघांनी हात जोडून नियम घेतला: वीज नाही, ड्रम धोपटणं नाही. अक्काताई पुढचं काही विचारणार, तेवढ्यात दूध उतू गेलं आणि त्या आत पळाल्या.

तर दुकानात, मागे भिंत आहे म्हटल्यावर, बाळगोंडा म्हणाला, "मी बसतो." नाहीतर तो बँडमध्ये कुठे बसणार होता?

"खांदे आधी घाला," दुकानदार म्हणाला. "बाकीचा माणूस आपोआप बारीक होतोय."

तसंच झालं. आत नव्या लाकडाचा वास होता. भिंतींवरून लाकडाच्या रेषा नदीसारख्या वाहत होत्या आणि सावकाश कोपऱ्यात जमा होत होत्या. वर गोल उजेड होता, चंद्रासारखा, फक्त सहा तारांनी बांधलेला. बाळगोंडाने चटई अंथरली, ड्रमच्या काड्या उशाशी ठेवल्या. काम सोपं होतं. वर तार छेडली की तिचा सूर छातीत घ्यायचा आणि हळूच सोडायचा. आपटायचं काही नाही.

अक्काताई रोज यायच्या आणि तारांमधून भाकरी आत सरकवायच्या. आत पोचेपर्यंत भाकरीही त्याच्या मापाची होत असे.

"वारा येतो का रं?"

"येतोय."

"शेजार कसा हाय?"

"शेजार न्हाई, आई."

"मग बरं हाय की," अक्काताई म्हणायच्या आणि चंद्रातून निघून जायच्या.

पहिल्या कार्यक्रमाला काळे टी-शर्ट घातलेली सगळी जुनी मंडळी आली. लाईट गेलीय, येईल आता, अशा समजुतीने ती शांत बसून राहिली. दुसऱ्या गाण्याला एकाने वीज मंडळात फोन लावला. तिसऱ्या गाण्याला तो रडत होता. फोन चालूच होता आणि पलीकडचाही रडत होता.

"जमलं!" इम्तियाज भोकात तोंड घालून म्हणाला. त्याच्या श्वासाने चटई उडाली. "गोंड्या, लेका, रडवलंस सगळ्यांना. आता अजून हळू करूया."

अजून हळू केलं. दुसऱ्या दिवशी बाळगोंडाने पाय लांब केले, तर ते भिंतीला लागले.

त्याच्या लक्षात आलं, की आवाज जेवढा, खोली तेवढी. संग्राम बोटांच्या टोकांनी वाजवू लागला, तेव्हा चटई गुंडाळावी लागली. इम्तियाज, ज्याच्या किंकाळीने एकेकाळी काचा तडकत, आता कानात गुपित सांगावं तसा गाऊ लागला, तेव्हा छत डोक्याला टेकलं. गर्दी वाढत गेली. लोक वहाणा बाहेर काढून येऊ लागले. खोकला आलेला माणूस आपणहून घरी जाऊ लागला.

"संग्राम, जागा पुरंना," बाळगोंडा म्हणाला.

"सोन्यासारखं चाललंय, मर्दा. थोडं जमवून घे."

"एकदाच ड्रमवर बसू दे. बाहेर येऊन."

"आणि मग आत कोण? नियम हाय, गोंडा. तू बाहेर आलास की गिटार मुकी."

हे खरं होतं. त्या दिवशी भाकरी निम्मीच आत आली. अक्काताईंनी तारांना डोळा लावला. चंद्रात एक ओला डोळा दिसू लागला.

"किती दिसांचा नियम घेतलासा रं?"

संग्राम आणि इम्तियाज गिटारीपाशीच उभे होते. इम्तियाज पायाच्या अंगठ्याकडे पाहू लागला.

"मुदत बोलला न्हाईसा?"

"तुम्ही विचारलंच नाही, काकू," संग्राम म्हणाला. "दूध उतू गेलं."

"मग तो सुटत न्हाई," अक्काताई म्हणाल्या. डोळा थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी पदराने तारा पुसल्या.

मोठ्या कार्यक्रमाच्या दिवशी खोली अगदी बाळगोंडाएवढी झाली होती. गुडघे छातीशी होते, पाठ लाकडाला आणि लाकूड पाठीला. काड्या कुठे संपतात आणि बरगड्या कुठे सुरू होतात ते कळत नव्हतं. वर सभागृह गच्च भरलं होतं, तरी साडीची सळसळसुद्धा नव्हती. अक्काताई पहिल्या रांगेत होत्या.

संग्रामने तारेला हात लावला, न लावल्यासारखा. इम्तियाजने ओठ हलवले. यापेक्षा हळू काही उरलं नव्हतं.

आणि त्या गाण्याखाली कोणीतरी ठोका धरला. धप्प, धप्प. थकलेला, पण चुकत नव्हता.

पहिल्या रांगेत एक टाळी पडली. अक्काताईंची. मग शेजारचीने धरली, मग काळ्या टी-शर्टवाल्यांनी, आणि रांगांमागून रांगा झिम्म्याच्या टाळ्या देऊ लागल्या. बाळगोंडाला पाठीमागचं लाकूड किंचित सरकल्यासारखं वाटलं. एका बोटाएवढी जागा झाली. त्याने ते बोट हलवून पाहिलं.

चंद्र झाकोळला. संग्राम भोकावर वाकला होता.

"गोंडा," तो कुजबुजला, "तेवढं बंद कर."

"हे मी वाजवत न्हाई रं," बाळगोंडा म्हणाला.

"नियम मोडतोय, गोंडा. बँड जाईल."

बँड. बाळगोंडाने थोडा विचार केला. मग थरथरती झांज गप्प करताना धरायचा, तसे त्याने दोन्ही तळवे छातीवर धरले.