दोन बोटं आखूड

"सरळ होत असेल तर कर, नाहीतर घाल चुलीत," असं म्हणत अर्डिसनं घोंगडीत गुंडाळलेली बंदूक मर्लच्या टेबलावर ठेवली. "पण एकदा खरं सांग. माझ्या नवऱ्याच्या हातात कसबच नव्हतं का?"

मर्लला तिच्याकडे बघवेना. क्लाइडला जाऊन तीन महिने झाले होते, आणि त्याच्या बंदुकीला 'वाकडी' हे नाव खुद्द मर्लनंच ठेवलं होतं.

मर्लची हयात शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात गेली, पण सस्क्वेहाना नदीच्या काठी त्याचं नाव झालं ते ठासणीच्या बंदुकांमुळे. इथली निम्मी माणसं हिवाळाभर घरात बसून हौसेनं बंदुका जुळवतात. नळी विकतची, खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता मात्र स्वतः कोरलेला. कुणाची चकमक ठिणगी देईना, कुणाचा घोडा अडला, की तो मर्लच्या दारात हजर. मर्ल आधी कॉफी ओतायचा आणि माणसाला बोलतं करायचा. "निम्मा दोष बोलण्यातच सापडतो," म्हणायचा. मोबदला म्हणून सफरचंदाच्या मुरंब्याची एक बरणी त्याला पुरे. अशी माणसं आता शोधून सापडायची नाहीत.

नववर्षाच्या नेमबाजीत प्रत्येकानं स्वतः केलेली बंदूकच चालवायची आणि ज्याचा नेम सगळ्यात वाईट त्यानं टोपीत वाकडा खिळा खोचून घ्यायचा, असा रिवाज. क्लाइडच्या टोपीत सहा वर्षांचे सहा खिळे होते.

"क्लाइडची बंदूक आणि सासूची जीभ, कुणीकडे वळेल नेम नाही!" मर्ल दरवर्षी ओरडायचा.

"दोष बंदुकीत नाही रे," क्लाइड म्हणायचा.

"मग तुझ्यात?"

"माझ्यातही नाही."

यावर माणसं पोट धरून हसायची. हसतील त्यांचे दात दिसतील, अशा थाटात क्लाइड टोपी पुढे करायचा.

मर्लनं नळीतून आरपार पाहिलं. सरळ होती. शेडमागे वाळूच्या पिशव्यांवर बंदूक टेकवून त्यानं तीन बार काढले. तिन्ही भोकं पत्त्यांतल्या एका पानाखाली झाकली गेली असती. मग खांद्याला लावून चौथा काढला, तो गेला डावीकडे.

त्यानं दस्ता मोजला. दोन बोटं आखूड. सहा फुटी क्लाइडच्या गालाला तो बसणारच कसा? असली चूक नवशिक्याही करत नाही. मर्लची नजर दारात उभ्या असलेल्या अर्डिसकडे गेली. ती क्लाइडच्या खांद्यालाही लागत नसे.

"अर्डिस, जरा खांद्याला लाव बघू."

"मी? मला कधी हात लावू दिला नाही त्यानं. 'पुरी झाली की बघशील,' म्हणायचा."

"लाव तर."

दस्ता तिच्या खांद्यात बसला, गाल लाकडावर टेकला आणि डोळा आपसूक नळीच्या टोकावरच्या माशीच्या मागे आला. दस्त्यावरच्या पितळी झाकणावर तिच्या नावाची नक्षी अर्धीच कोरलेली होती.

"दर थंडीत काठी घेऊन माझा हात मोजायचा," ती हळूच म्हणाली. "कोट शिवू म्हणायचा. मेला कोट काही आला नाही."

मग ती रडली. मर्लला मेल्याहून मेल्यासारखं झालं. निम्मा दोष बोलण्यात सापडतो म्हणणाऱ्या माणसानं सहा वर्षांत क्लाइडला एकदाही बसवून विचारलं नव्हतं.

नववर्षाच्या दिवशी अर्डिस क्लाइडची टोपी घालून नेमाच्या रेघेवर उभी राहिली, तेव्हा कुणीतरी कुरकुरलं, "ज्यानं केली त्यानंच चालवायची. नियम आहे."

"त्यानं हिच्यासाठीच केली होती," मर्ल सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "दस्ता हिच्या मापाचा आहे. तो सहा वर्षं खरं सांगत होता आणि आपण दात काढत होतो. सगळ्यांत जास्त मी."

बार उडाला. धूर विरला तेव्हा काळ्या वर्तुळाच्या आतल्या कडेला भोक दिसत होतं.

मर्लनं आपली टोपी काढून तिच्यापुढे धरली. "खिळे दे."

अर्डिसनं क्लाइडच्या टोपीतले खिळे एकेक करून काढले आणि सहाही मर्लच्या टोपीत खोचले. शेवटचा खोचताना तिनं तो बोटांत क्षणभर धरून ठेवला.

मर्लनं टोपी डोक्यावर नीट बसवली आणि आपल्या पाळीसाठी रांगेत जाऊन उभा राहिला.