आठ नि आठ दहा!

मी दीपमालाचा कॅल्क्युलेटर बोलतोय. हसू आवरत बोलतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

दुकानातल्या माझ्या भावंडांसारखा मी साधा नाही बरं! दीपमाला चकलांब्यात घरी बसून यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिते, मी तिच्या कामाचा. माझं 'हेक्स'चं बटण दाबलं की नवानंतर मी ए, बी, सी, डी, ई, एफ असं मोजतो आणि सोळा झाले की पडद्यावर १० लिहितो. हे तिला कळतं. तिच्या सासऱ्यांना, सुंदररावांना, कसं कळावं?

गेल्या साली सप्त्याच्या पंगतीचं काम त्यांच्याकडं आलं. वरची आळी आणि खालची आळी कित्येक वर्षांचं भांडण मिटवून एकाच मांडवात जेवणार होत्या. कुणाला बोट ठेवायला जागा नको, म्हणून सुंदररावांनी सगळं मशीनवर करायचं ठरवलं आणि हेक्सचं बटण चालू असतानाच मला खिशात टाकलं.

म्हाळू आचारी म्हणाला, "एकेका आळीला आठ डबे पीठ."

सुंदररावांनी आठ अधिक आठ दाबलं. मी इमानदारीत लिहिलं, १०.

"मला तर सोळा वाटलं व्हतं," ते पुटपुटले.

"आवो, सोळाच की!"

"मशीन खोटं बोलतंय व्हय बे? दहाच आण!"

मी खिशात नुसता तळमळलो.

वरची आळी आधी जेवली आणि पुऱ्या संपल्या! खालच्या आळीतल्या छबुबाई ताट वाजवत उठल्या, "आमालाच कावून कमी?" पोरांनी बाह्या सरसावल्या. सुंदररावांचं तोंड पांढरंफटक पडलं. त्यांनी मला पुढं केलं.

दीपमालानं बघितलं आणि कपाळावर हात मारला. "मामा, हे हेक्सवर हाय! ह्याचे दहा म्हंजी आपले सोळा!"

छबुबाईंनी स्वतः दाबून बघितलं. आठ नि आठ, दहा! "आगं बया!" म्हणत त्या मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसत सुटल्या. मग सगळा मांडवच हसायला लागला. वरच्या आळीतल्या बाया घरी पळाल्या, चुली पेटवल्या, गरम भाकरीच्या टोपल्या घेऊन आल्या आणि आपल्या हातानं खालच्या आळीला वाढायला लागल्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

आता माझं आठाचं बटण पार झिजलंय. येईल तो पाहुणा दाबून बघतो.

परवा पुढच्या सप्त्याची बैठक झाली. सुंदरराव म्हणाले, "औंदा तोंडीच मोजू."

"न्हाई," छबुबाई म्हणाल्या, "मशीनवरच मोजा. त्या भाकरी लई गोड लागल्या."

सुंदरराव, ऐकताय ना? तेवढं हेक्सचं बटण चालूच राहू द्या!