पालथं ताट

रामजी तावडे इस्पितळातून परत आला तेव्हा चाळीने आधी त्याचा सदरा पाहिला. माणूस तोच, सदरा तोच, पण आता त्या सदऱ्यात आणखी एक रामजी सहज मावला असता. कॉटन ग्रीनच्या गोदामात कापसाच्या गाठी हलवणारा हा गडी. गंमत म्हणून गाठींच्या काट्यावर उभा राहिला की दोनशे रतलांच्या पुढे जायचा, आणि खानावळीत बसला की वाढणारीला त्याच्यापाशी तीनदा वाकावं लागायचं. पोटातला अल्सर फुटला, रक्ताची उलटी झाली, आणि परळच्या डॉक्टरांनी पोटाचे तीन वाटे करून दोन काढून टाकले. उरलेल्या एका वाट्यावर दोन बायकांनी हक्क सांगितला.

साल अठ्ठावन्न. समितीचे उमेदवार निवडून येऊन वर्ष लोटलं होतं, तरी मुंबई कुणाची याचा निकाल दिल्लीत लागत नव्हता. काळाचौकीच्या आमच्या चाळीत जिन्यावर रोज तोच वाद. त्यात रामजीचं प्रकरण आल्यावर वरच्या मजल्यावरच्या कुशाबाने सांगून टाकलं, "मुंबई कुणाची ते ठरेल रे एक दिवस. रामजी कुणाचा ते नाय ठरायचं."

पहिला हक्क बकुळाचा. लग्नाची बायको. ऑपरेशनची तार मिळाली तशी लेकीला सासूपाशी सोडून देवगडहून बोटीने आली. गाववाल्यांच्या खोलीतला एक कोपरा लुगड्याचा पडदा लावून तिला तोडून दिला. लग्नाला अकरा वर्षं झालेली. रामजी शिमग्याला पंधरा दिवस आणि गणपतीला पंधरा दिवस गावी जायचा. म्हणजे अकरा वर्षांत एकूण संसार अकरा महिन्यांचा. मी मिलमध्ये हजेरी कारकून, असले आकडे माझ्या डोक्यात आपोआप पडतात. हा हिशोब मी बोलून दाखवला नाही. तिने तो माझ्याआधीच केला होता.

उरलेली दहा वर्षं रामजी कांताबाईच्या खानावळीत जेवला. तो दुसरा हक्क.

इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं, थोडं थोडं द्या, दिवसातून सहा वेळा, आणि काय दिलं, ते राहिलं की उलटलं, हे रोज लिहून आणा. बकुळाला लिहिता येत नव्हतं. तिने मोरीच्या भिंतीवर कोळशाने खुणा करायच्या आणि दुपारच्या पाळीला निघण्याआधी मी त्या वहीत उतरवायच्या, असं ठरलं. पोटात राहिलं तर उभी रेघ, बाहेर आलं तर फुली. मी वहीत माझ्या सवयीने लिहिलं: हजर, गैरहजर.

बकुळाची पेज रोज गैरहजर.

करायची मात्र जीव ओतून. येताना गाठोड्यात नारळाएवढी गुळाची ढेप आणलेली. उकड्या तांदळाची पेज, पातळ, वर नारळाचं दूध, आणि मूठभर गूळ. मी एकदा म्हटलं, "वहिनी, इतका गोड?" तर म्हणाली, "भावजीनु, गूळ नाय घातलो तर ताकद खयसून येतली? हाडां दिसतत त्यांची."

रामजी वाटीभर पेज प्यायचा. पाव तास बरा जायचा. मग कपाळावर घाम. छाती धडधडायला लागायची, हात थंड पडायचे, आणि मळमळ अशी चढायची की तो खाटेची पट्टी दोन्ही हातांनी धरून आढ्याचे वासे मोजत बसायचा. लिंबाची साल नाकाशी, लवंग जिभेखाली, मानेवर ओला पंचा. बकुळा एकेक करून सगळं बघायची. चाळीने त्याच्यासाठी सुकट भाजायची ती मागच्या गॅलरीत नेली. कुशाबाने तर पंधरा दिवस बोंबील सोडले, आणि ते सगळ्यांना सांगितलेही. तरी वासे मोजून संपायच्या आत रामजी घमेल्यावर वाकलेला असायचा. नंतर डोळ्यांतलं पाणी पुसत तिला म्हणायचा, "पेज बरी होती हां." आमच्यामध्ये फक्त लाकडी पार्टिशन, मला सगळं ऐकू यायचं.

पाचव्या दिवशी कांताबाई जिना चढून आली. पन्नाशीची, ठेंगणी, कपाळ मोकळं, हातात ॲल्युमिनियमचा डबा. पडद्यापाशी चप्पल काढली आणि आत न बघताच म्हणाली, "काय रे रामजी, मेलास की हायस?"

"हाय," रामजी म्हणाला. त्या आठवड्यात चाळीने त्याला पहिल्यांदा हसताना ऐकलं. बकुळानेही ऐकलं.

कांताबाईने डबा उघडला. मऊ भाताचा लिंबाएवढा गोळा, मीठ, मुगाच्या घट्ट वरणाचं बोट. बास. "चावून खा. पाणी नंतर. आणि खाल्लं की आडवा पड, उंडारू नको." बकुळाकडे वळून म्हणाली, "माझा नवरा पण पोटाचाच होता, बाई. त्याने मला सगळं शिकवलं आणि मग गेला."

दुपारी बारा वाजता रामजीने तो गोळा खाल्ला. साडेबारा वाजले, एक वाजला. मी पार्टिशनला कान लावून बसलो होतो असं कुणी म्हणू नये. कान जागच्या जागीच होता. घमेलं वाजलं नाही. रामजी घोरायला लागला.

मग रोज दुपारचा डबा खानावळीतून येऊ लागला. भिंतीवर आता खुणांच्या दोन ओळी झाल्या. वरची बकुळाची: फुली, फुली, फुली. खालची कांताबाईची: रेघ, रेघ, रेघ. रोज मोरीत भांडी घासताना बकुळाच्या डोळ्यांसमोर ती भिंत असायची. एका दुपारी मी वही लिहीत असताना ती हळूच म्हणाली, "तिच्या हातचा ऱ्हवता आणि माझ्या हातचा ऱ्हवणा नाय. ह्या कसा काय ओ, भावजीनु?"

"पोटाला काय कळतं, वहिनी."

"पोटाकच कळता," ती म्हणाली.

आठवड्याने साचलेले डबे परत करायला ती स्वतः खानावळीत गेली. मीही त्याच वाटेने मिलकडे निघालो होतो, म्हणून दार दाखवायला थांबलो. आत दोन ओळींत पाट मांडलेले, सकाळपाळी सुटलेले कामगार जेवायला बसलेले. भिंतीकडच्या ओळीत शेवटच्या पाटावर कुणी नव्हतं. समोर एक ताट पालथं घातलेलं. बाहेर पाचजण ताटकळत उभे होते, पण त्या पाटावर कुणी बसत नव्हतं.

"थय कोण बसता?" बकुळाने विचारलं.

"रामजी," कांताबाई वाढता वाढता म्हणाली. "माणूस गावी गेला, आजारी पडला, की ताट पालथं. आला की सुलटं. आमच्यात दुसऱ्याला बसवत नाय."

बकुळा त्या ताटाकडे बघत राहिली. काठाला चेचलेलं, जुनं, रामजीच्या अकरा वर्षांचं ताट. शिमग्याला तो गावी तिच्यापाशी असायचा तेव्हा हे इथे पालथं असायचं. म्हणजे कुणाकडे तो पाहुणा होता आणि कुणाकडे त्याचा खाडा पडत होता, ते कांताबाईने दरवर्षी मांडून ठेवलेलं होतं. बकुळाने डबे उंबऱ्यावर ठेवले आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर खालच्या ओळीत फुली होती.

"आज तिचापण भायर इला," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी बारापासून घरात होतो. घमेलं वाजलं नव्हतं. पण शेजाऱ्याच्या बायकोला तिच्याच मोरीत उभं राहून खोटं कसं पाडायचं? मी लिहिलं: गैरहजर. शाईने. असे नऊ दिवस रोज तेच. तिची फुली अशी ठसठशीत की कोळसा मोडलेला दिसावा. खरी हजेरी वेडीवाकडी असते, खोटी सरळ रांगेत येते, हे मला मिलमधली वीस वर्षं शिकवून गेलेली. रामजीला विचारावं, तर तो भिंतीकडे पाठ करून झोपायचा. दोघींच्या मध्ये आपण बोलायचं नाही, एवढी अक्कल त्याच्या उरलेल्या पोटातही होती.

वही घेऊन आम्ही तिघे इस्पितळात गेलो. मोठ्या डॉक्टरांनी पानं उलटली. पहिल्या पानावर जरा हसले. "हजर, गैरहजर. कोणी लिहिलं हे?" मी हात वर केला. पुढे पुढे गेले तसं हसू गेलं. "सुरुवातीला दुपारचं राहत होतं. आता नऊ दिवस तेही नाही." रामजीचं पोट दाबून पाहिलं, वजन केलं. एकशे अठ्ठावीस रतल. "काहीच खाली उतरत नसेल तर आतला जोड आवळलाय. पुन्हा उघडून बघावं लागेल. आजच भरती करू."

रामजीचा हात आपसूक सदऱ्याखाली गेला, टाक्यांवर. "काय रामजी, उलट्या होतात ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हतत," तो म्हणाला. खोटं नव्हतं. कुणाच्या हातच्या, ते कुणी विचारलं नव्हतं.

नर्सने संमतीचा कागद आणला. बायकोची सही हवी. बकुळाला सही येत नव्हती म्हणून शाईची गादी पुढे केली. तिने अंगठा गादीवर दाबला. काळा झालेला अंगठा कागदावर धरला, आणि तिथेच थांबली. कोळशाची फुली पुसता येते. अंगठा म्हणजे काय, हे गावच्या प्रत्येक बाईला माहीत असतं.

"दाबा, बाई," नर्स म्हणाली.

"ह्या खोटा आसा," बकुळा म्हणाली.

"काय खोटं?"

"तिच्या हातचा सगळा ऱ्हवता. एक दीस भायर इला नाय. फुल्यो मियाच मारलंय." मग एकदम मोठ्याने, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं: "माझ्याच हातचा भायर येता. घ्या, लिवा."

मी डॉक्टरांना मालवणीतून मराठीत करून सांगितलं. माझ्या शाईबद्दल सांगायचं राहिलं नाही. त्यांनी विचारायच्या आधी मीच सांगितलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले की मिलच्या साहेबानेही कधी बघितलं नव्हतं. कागद त्यांनी बाजूला ठेवला.

"ती बाई काय देते?"

"भाताचो गोळो. पाणी मागसून."

"आणि तुम्ही?"

बकुळाने पेज सांगितली. गुळापर्यंत आली तशी डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती गूळ?" तिने मूठ दाखवली. त्यांनी तिला समजावून सांगितलं. आता पोट पिशवीसारखं राहिलं नाही, पन्हळीसारखं झालंय. पातळ आणि गोड एकदम खाली घसरतं, म्हणून घाम, धडधड, मळमळ. सुकं द्या, थोडं द्या, पाणी तासाभराने. "यात हात कुणाचा, याचा काही संबंध नाही, बाई. ऑपरेशन आज तरी नको. पंधरा दिवसांनी वही आणा. खरी."

परत येताना ती रामजीच्या दोन पावलं मागे चालत होती. रामजी थांबला. "गूळ बरो होतो तुझो," तो म्हणाला.

"गप ऱ्हवा. गुळानच मारूक काढलंय तुमका."

घरी आल्यावर तिने भाताचा गोळा केला. तो राहिला. भिंतीवर वरच्या ओळीत पहिली रेघ आली, बारीक, भीत भीत ओढलेली. मी वहीत लिहिलं: हजर. वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बकुळा फडक्यात काहीतरी बांधून माझ्या दाराशी आली. "खानावळीत येतास?" मी गेलो. तीच दोन ओळींची गर्दी. ती सरळ भिंतीकडच्या शेवटच्या पाटापाशी गेली, बसली, आणि पालथं ताट दोन्ही हातांनी सुलटं केलं. एक कामगार म्हणाला, "ओ बाई, ती रामजीची जागा."

"म्हायत आसा," बकुळा म्हणाली. कांताबाईकडे बघून: "वाढ."

कांताबाईने वाढलं. भात, आमटी, कांदा, सुकटीची चटणी. बकुळा सावकाश जेवली, एकेक घास तपासत. आमटी भुरकून वाटी खाली ठेवली.

"मीठ जास्त आसा."

कांताबाईने पळी पातेल्यात टाकली. "अकरा वर्षं तेच ऐकतेय. मीठ जास्त आहे, कांताबाई. बकुळा आमटीला असं करते, बकुळा सोलकढीला तसं करते. तुझं तोंड पण बघितलं नव्हतं, तरी तुझ्या नावाने माझा ताप व्हायचा."

बकुळाने ताटात हात धुतले, पाणी बाहेर ओतून आली, काठावरचा पोचा पदराने पुसला, ताट पुन्हा पालथं घालायला उचललं आणि मग तसंच सुलटं ठेवलं. फडकं सोडून अर्धी उरलेली गुळाची ढेप कांताबाईच्या चुलीपाशी ठेवली.

"ह्यो आमटीत घाल, चिमटीभर. त्यांका नको. बाकीच्यांका." दारापर्यंत जाऊन ती वळली. "आणि उद्यापासून डबो धाडू नको. मी घरात करतंय."

"पंधरा दिवस कर," कांताबाई म्हणाली. "मग बघू."