बाजेखालचं घमेलं

हिवाळा लागला की रेणुकाच्या तोंडी तेच ते असायचं. बाजेखाली विस्तव ठेवू नका, दार गच्च लावून शेगडी पेटवू नका. शिरूर अनंतपाळच्या अलीकडच्या गावात ती आशाताई होती आणि बाळंतिणींच्या घरी जाणं हे तिचं कामच होतं. लोक ऐकून घ्यायचे, मान हलवायचे आणि ती वळली की घमेलं परत बाजेखाली सरकवायचे.

मागच्या थंडीत मात्र तिनं कमालच केली. कावेरीबाईची लेक माहेरी बाळंत झाली होती. रेणुकानं चार बायांदेखत तिच्या बाजेखालचं भरलं घमेलं ओट्यावर ओढून काढलं आणि त्यात तांब्याभर पाणी ओतलं. फस्सकन राख उडाली ती कावेरीबाईच्या कोऱ्या लुगड्यावर. "लेकीला शेकायचंय का भाजायचंय?" असं वर विचारलंही. बाया हसल्या. आपलं बोलणं रेणुकाला तेव्हा फार आवडलं होतं.

यंदा तिची स्वतःची विशाखा नांदेडहून पहिल्या बाळंतपणाला आली. मागोमाग विहीणबाईंचा फोन. "शेक-शेगडी नीट करा बरं का. का तुमच्या सरकारी कामातून सवड न्हाई?" हसतच म्हणाल्या, पण लागायचं तिथं लागलं. पुढं बाळ झालं, त्यात विशाखाची कंबर धरलेली आणि थंडी अशी की भिंतीला हात लावला तरी शहारा यावा. रेणुकाच्या मनानं हळूच एक वाट काढली. लोकांना कळत नाही म्हणून धोका. आपल्याला तर सगळं कळतं. कळणाऱ्यानं विस्तव जपून ठेवला तर काय होतंय?

तिनं चुलीतला विस्तव घमेल्यात भरला, वर ओवा टाकला, घमेलं बाजेखाली सरकवलं, वारं लागू नये म्हणून दारही लोटलं. आणि हळिवाची खीर ढवळायला आत गेली. तिची आई सरजाबाई हिनं जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी बाजेवर होती. तिचं एक टोक कधी खाली लोंबलं, ते त्या कळणाऱ्या बाईला दिसलं नाही.

"आई" एवढंच विशाखा म्हणाली. रेणुका धावत आली तर खोलीत धूर, गोधडी पेटलेली आणि विशाखा बाळाला छातीशी धरून कोपऱ्यात उभी. बाळाच्या आंघोळीची बादली भरलेली होती म्हणून निभावलं. बाळाला काही झालं नाही. विशाखाच्या पायाला फोड आला.

"काय जळून राहिलंय गं?" शेजारच्या पारूबाईनं भिंतीवरून विचारलं.

"दूध लागलं बुडाला," रेणुका म्हणाली.

पारूबाईनं नाक वर करून वास घेतला. दुधाला कापडाचा वास कसा, हे विचारलं नाही. तेच रेणुकाला जास्त लागलं. गोधडी वाळल्यावर तिनं धान्याच्या रिकाम्या कोठीत कोंबली आणि झाकण दाबून लावलं.

"सांगायचं होतंस की खरं," विशाखा म्हणाली.

"कुणाला? कावेरीबाईला?"

आणि कावेरीबाईकडंच जायची पाळी आली. तिची सून बबिता बाळंत होऊन घरी आली होती. रेणुका बाळाचं वजन करायला गेली तर दार बंद. आत कोंदट ऊब, बाजेवर बबिता आणि बाळ, वर बाजारातलं गुबगुबीत ब्लँकेट, त्याची कड जमिनीकडं लोंबणारी. बाजेखाली घमेलं, लालबुंद.

रेणुकानं तोंड उघडायच्या आत कावेरीबाई म्हणाली, "ठेवलाय. तुमी बी ठेवला होता की. पारूबाईनं बघितलं तुमाला घमेलं भरताना. मी म्हटलं, आशाताईच लेकीला शेकून राहिल्यात, म्हंजे आपल्याला सांगतात ती सरकारी बोली. घरची बोली न्यारी हाय."

बबिता गालात हसली. रेणुकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. नुसतं 'काढा' म्हणून उपयोग नव्हता. तिच्या शब्दाला आता किंमत उरली नव्हती. बघून न बघितल्यासारखं करावं, वजन करावं आणि निघावं, असंही क्षणभर वाटलं. पण ब्लँकेटची ती कड पुन्हा दिसली. ते तर गोधडीपेक्षा लवकर पेटलं असतं.

"मावशी, मी येईस्तोर घमेलं ओट्यावर ठेवा," ती म्हणाली. "हात जोडते. आल्यावर काय बोलायचं ते बोला."

आशाताई हात जोडतेय हे बघूनच की काय, कावेरीबाईनं घमेलं बाहेर ओढलं.

रेणुकानं घरी जाऊन कोठी उघडली. जळकी बाजू आत राहील अशी घडी घातली, वरून पदर पांघरला आणि गल्लीतून खाली मान घालून चालली. कावेरीबाईच्या घरात गोधडी उलगडली. लोंबणारं टोक जळून गेलेलं, त्याच्या वर परातीएवढं भोक, काठ काळे.

"दूध लागलं न्हवतं मावशी. हे जळालं. मीच ठेवला होता विस्तव, आणि वर खोटं बोलले."

कावेरीबाईनं भोकातून हात आरपार घातला. "लेकरू कुठं होतं?"

"ह्याच बाजूला."

बबितानं ब्लँकेटची कड वर ओढून घेतली.

"माझ्या लुगड्यावरचे डाग अजून गेले न्हाईत," कावेरीबाई शेवटी म्हणाली.

"हाव. ते बी चुकलंच माझं."

"मग हिची कंबर कशानं शेकू?"

"गरम पाण्याची पिशवी. न्हाई तर बाटली, बूच घट्ट लावून, फडक्यात गुंडाळून. बाळाला टोपी, मोजे, आणि आईच्या अंगाशी."

कावेरीबाई ओट्यावर गेली. तांब्याभर पाणी तिनं स्वतःच घमेल्यात ओतलं, पण हळू, कडेकडेनं. राख उडाली नाही. तेही रेणुकानं बघून ठेवलं.

बाळाचं वजन झालं. रेणुका गोधडीची घडी घालू लागली तशी कावेरीबाईनं ती तिच्या हातातून काढून घेतली.

"ही हितं राहू द्या. पारूबाईची पुतणी येणार हाय बाळंतपणाला. तिच्याकडं बी न्यायला लागंल. तुमचं तोंडी कोण ऐकतंय?"

आणि तिनं गोधडी ओट्याच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूला, भोक नीट दिसेल अशी वाळत टाकली. ती तर कधीचीच वाळली होती. रेणुका म्हणणार होती, निदान भोक आतल्या बाजूला तरी घ्या. म्हणाली नाही. वजनाची झोळी पिशवीत ठेवून ती पायऱ्या उतरली आणि गोधडीकडं न बघता निघाली.