नागेंद्रचे पुढचे आठ दात

वर चौदा, खाली चौदा, असे अठ्ठावीस दात. चारही अक्कलदाढा अजून हिरडीतच. किडलेला एकही नाही. मागच्या वीस दातांवर ना डाग, ना टवका. जे काही झालं होतं ते पुढच्या आठांत. वरचे चार पिवळे, धारेशी काचेसारखे पातळ. खालच्या चारांपैकी तीन दातांच्या कडा उडालेल्या. मोबाइलचा उजेड भावाच्या तोंडात धरून तेजस्वीने सगळं वहीत उतरवलं.

"झालं का गं? जबडा आकडला माझा."

"थांब अण्णा, जीभ वर कर."

"दात बघतीयास का बैल विकत घेतीयास?"

तेजस्वी हसली नाही. ती गेल्या वर्षी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झाली होती आणि या दातांवर नागेंद्रचं लग्न अडलं होतं.

आठवड्यापूर्वी नंदगडचे महादेव पाटील लेकीसाठी घर बघायला कोगनोळीला आले होते. जेवणं झाल्यावर रिवाजाप्रमाणे भावकू आप्पांनी आपली चंची लेकाच्या हाती दिली. पाहुण्यांना पान-तंबाखू घरच्या पोराने द्यायची, त्यात मान असतो. नागेंद्रने पान काढलं, चुना लावला, तंबाखूची चिमूट ठेवली आणि विडा हसून पुढे केला. महादेवरावांनी त्याचा सराईत हात पाहिला, मग दात पाहिले. तिसऱ्या दिवशी फोन आला. "पोरगं चांगलं हाय हो. पण तंबाखूचं तोंड आमच्यात चालत न्हाय."

तंबाखू पिकवणाऱ्या निपाणीच्या भागात दात पिवळे म्हटल्यावर दुसरं कारण कुणी शोधतच नाही. आप्पांनीही शोधलं नाही. त्यांनी नागेंद्रला देवापुढे उभं करून विचारलं, त्याने शपथ घेतली, आणि आप्पांनी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. बेळगावात खोली घेऊन राहणारं पोर, तिथं काय खातं कुणी बघितलंय?

तेजस्वीला मात्र एक गोष्ट खटकत होती. तंबाखूचा डाग दातांच्या आतल्या बाजूला, फटींत धरतो. नागेंद्रच्या दातांची आतली बाजू पांढरीशुभ्र होती. वर्षभर तर तो दिवसातून तीनदा घासत होता.

निपाणीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारायला सुरुवात केली. लिंबूसोडा रोज पिता? पोटातलं आंबट वर येतं? झोपेत दात खाता? लहानपणी कुठलं औषध बरेच दिवस चाललं होतं? सगळ्याला नागेंद्र नाही म्हणून मान हलवत राहिला.

"काम काय करता?"

"बोल्टांवर जस्ताचा मुलामा चढवतात, त्या कारखान्यात हाय. मुलाम्याच्या आधी गंज काढायचं काम माझं. ॲसिडच्या टाकीवर."

"किती वर्षं?"

"सहा."

बाईंनी हातातला आरसा खाली ठेवला. "बोलताना, दम लागल्यावर ओठांबाहेर जेवढे दात उघडे पडतात, तेवढेच गेलेत. हवेतल्या ॲसिडनं. कामावरून आल्या आल्या घासता का?"

"तोंड आंबट पडतंय. लगेच घासतो, जोरात."

"तेवढ्यात दात मऊ असतात. त्यानं आणखी झिजले."

नागेंद्रने ओठ मिटून घेतले. तेजस्वीने विचारलं, "भरून येतील?"

"दाताचं कवच पुन्हा येत नाही. टोप्या बसवता येतील, पण आधी ते काम सुटायला हवं. नाहीतर बाकीचेही जातील."

बाईंनी तसं लिहून दिलं. तो कागद घेऊन आप्पा आणि तेजस्वी नंदगडला गेले. तेजस्वीने तो मोठ्याने वाचला. महादेवरावांनी पुन्हा वाचायला लावला.

"म्हणजे तंबाखू न्हाय?"

"न्हाय, मामा."

"तंबाखू असती तर बरं झालं असतं बघा," महादेवराव म्हणाले. "ती सोडवता आली असती. परमनंट नोकरी बघून तर आम्ही तुमच्या दारात आलो. ती सोडली तर पोरगी कशाच्या जीवावर देऊ?"

आप्पांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. लेकावर उगाच घेतलेला संशय एकीकडे आणि ही नवी अडचण दुसरीकडे.

"दुसरीकडं बघंल की तो," ते शेवटी म्हणाले.

"सहा वर्सं गंज काढलाय त्यानं, पाव्हणं. दुसरीकडं गेला तरी त्याला टाकीवरच उभा करणार. व्हय का न्हाय?"

व्हय होतं. चहा घेऊन आलेली महादेवरावांची लेक रूपाली तेजस्वीपाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "त्यास्नी म्हणावं, तोंडाला मास्क बांधा. मी थांबते."

महादेवरावांच्या ते कानावर गेलं. त्यांनी एक महिना दिला. मास्कने भागत असेल, तर नोकरीही राहील आणि दातही राहतील. मग सुपारी फोडू. नाही भागलं, तर रूपालीला दुसरं स्थळ सांगून आलंय.

नागेंद्रने मालकाला विचारलं. वाफ ओढून घेणारा पंखा टाकीवर बसवायचा आहे, पण यंदा नाही, असं उत्तर मिळालं. तिकडून कापडी मास्क मात्र मिळाले, डझनभर. तो रोज लावू लागला. पंधरा दिवसांनी शनिवारी घरी आला तो खुशीत होता.

"तेजू, आता घशात जळजळत न्हाय बघ. काम झालं आपलं. आप्पास्नी सांग, नंदगडला फोन लावा म्हणावं."

"कापडानं थेंब अडले असतील, वाफेचं काय, अण्णा? जळजळीवर भरवसा ठेवू नकोस. मोजू या."

"तुझ्या बीएस्सीला आग लाव," तो म्हणाला. पण सोमवारी जाताना तिने दिलेली कागदाची पट्टी त्याने नेली. आम्लाने रंग बदलणारी ती पट्टी ओली करून मास्कच्या आत, ओठांसमोर चिकटवायची होती. तशीच दुसरी पट्टी तसल्याच मास्कमध्ये लावून तेजस्वी आठ तास घरात वावरली. सात म्हणजे साधं पाणी. आकडा जितका खाली, तितकं आम्ल जास्त.

पाळी सुटल्यावर नागेंद्रने आपल्या पट्टीचा फोटो पाठवला. तेजस्वीने तो रंगांच्या तक्त्याशेजारी धरला. आप्पा हातात फोन घेऊन, नंदगडचा नंबर काढून समोर बसले होते.

घरच्या पट्टीवर सहा. नागेंद्रच्या पट्टीवर दोन.