धुरीखालचा नारळ

त्या रविवारी पापडीच्या आलोशियसच्या वाडीत चपला काढायला जागा उरली नव्हती. चर्चमधून निघालेले थेट आले होते, देवळातून निघालेलेही थेट आले होते. सर्वधर्मसमभाव आपल्याकडे असा फुकटच्या औषधाभोवती फार चटकन जमतो.

केळींच्या मधोमध मांडव. मांडवात पितळी परात, परातीत पाणी, पाण्यात वीट आणि विटेवर रसरसता निखारा. पेशंटनं परातीवर वाकून तोंड उघडायचं. वरून चादर पडायची. धुरीबाबा चादरीखाली हात घालून निखाऱ्यावर चिमूटभर ‘हिमालयातली जडीबुटी’ टाकायचे. धूर व्हायचा, पेशंट ठसकायचा आणि चादर उचलली की पाण्यावर तरंगायचे पांढरे, वाकडे, इवलेसे किडे. कॅन्सरचे!

“एमआरआयमध्ये का नाही दिसत हे?” एकानं भीतभीत विचारलं.

“मशीन फॉरेनचं,” बाबा म्हणाले. “किडा लोकल.”

गर्दीला पटलं.

एव्हरशाईन सिटीहून रिक्षानं धावत आलेल्या संपदाला मात्र गर्दीत एकच पाठ दिसत होती. तिच्या आईची. जयवंती रांगेत सगळ्यांत पुढे, मांडीवर नारळ घेऊन बसली होती. मिश्री लावून गालाच्या आत उठलेल्या पांढऱ्या चट्ट्यावर दोन महिने न भरणारी जखम होती आणि उद्या सकाळी बायोप्सी. घरातून निघताना तिनं सांगितलं होतं, भाजीला जाते. खरं काय ते शेजारणीनं संपदाला फोनवर कळवलं.

“आई, ऊठ.”

“गप बस गो. लोकं बघतात.”

“नारळ कशाला?”

“किडे पडले की फोडायचा. नि शपथ घ्यायची, तोंडाला लोखंड लावनार नाय.”

आईची शपथ संपदाला माहीत होती. सासूच्या आजारपणात जयवंतीनं बोंबील सोडला होता. सासू जाऊन पंधरा वर्षं झाली. बोंबील अजून सोडलेलाच होता. हा नारळ फुटला, की उद्याची बायोप्सी कायमची बुडाली.

“सुरी लागली की किडा घाबरतो,” बाबा समजावू लागले. “घाबरला की पळतो. पळाला की डायरेक्ट लिव्हर!”

“शेजारच्या रोशनीची सासू बघ,” जयवंती म्हणाली. “तुकडा काढला नि सहा महिन्यांत गेली.”

“ती डॉक्टरकडे गेली तेव्हा तिला पानीसुद्धा गिळता येत नव्हतं, आई.” घाईत संपदाच्या तोंडी माहेरची बोली आली. “ती सुरीनं नाही गेली. उशिरानं गेली.”

“ताई, नास्तिकांमुळे धुरी बिघडते हां,” बाबांनी डोळे मिटले.

संपदा ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. वाद घालून वर्ग जिंकता येत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं आवाज मऊ केला. “बाबा, आईला धुराची भीती वाटते. आधी मी बसू?”

बाबांनी डोळे उघडले. नवं गिऱ्हाईक नास्तिक असलं तरी चालतं.

संपदानं आईच्या मांडीवरचा नारळ उचलला, नमस्कार केल्यासारखा छातीशी धरला आणि वाकली. चादर पडली. तिनं ओढणीनं नाक-तोंड घट्ट बांधलं, मान वळवली आणि धुरावर नारळ धरला.

तडतड झाली. डोळे चुरचुरत असतानाही तिला स्पष्ट दिसलं. निखाऱ्यावरचं बी फुटत होतं आणि त्यातून काहीतरी पांढरं उडून पाण्यात पडत होतं.

चादर उठली.

“अरे देवा!” बाबा ओरडले. “पोरीलाही! केवढे हे! घरात पसरलाय!”

जयवंतीनं संपदाचा हात असा धरला, की बांगडी रुतली. “बाबा, आधी तिला बघा. माझं राहू द्या.”

“आई, मला काही झालेलं नाही.” संपदानं ओढणी सोडली. “माझं तोंड बांधलेलं होतं. धूर नारळानं घेतला. बाबा, नारळाला कॅन्सर आहे का?”

बाबांनी क्षणभर विचार केला आणि नको तेच बोलले. “नारळ किडका असेल.”

“किडका?” इतका वेळ निखारे फुलवणारा आलोशियस उभा राहिला. “माझ्या झाडाचा नारळ हाय तो! मगाशी मीच दिला!” त्यानं नारळ हिसकावून जमिनीवरच्या दगडावर आपटला. आत लख्ख पांढरं खोबरं. वाडीच्या इज्जतीला डाग नव्हता.

संपदानं तोवर बाबांची जडीबुटीची पुडी उचलली होती. तिनं एक बी नखांनी सोलून तळहातावर धरलं. आत पांढरा, वाकडा कोंब. परातीतल्या किड्याचा सख्खा भाऊ.

आलोशियसनं वाकून पाहिलं. “ही तर रिंगणी! माझ्या कुंपनाला हाय. हिमालयातनं कोन आणील?”

बाबा परात न घेताच निघाले. रांगेतले निम्मे त्यांच्या मागोमाग गेले. त्यांना बाबांच्या पुढच्या गावाचा पत्ता हवा होता.

उरलेल्यांसमोर संपदा वर्गात बोलायची तशी बोलली. “कॅन्सर म्हणजे बाहेरून शिरलेला किडा नाही. आपल्याच शरीरातल्या पेशी असतात, वाढायचं थांबायला विसरलेल्या. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. धुरानं पडत नाही आणि तपासायला तुकडा काढला म्हणून पसरत नाही. तुकडा काढल्याशिवाय तो आहे की नाही हेच कळत नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गुटखा, विडी, दारू, सगळी एकाच घरची. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, तर आरशात बघू नका नुसतं, डॉक्टरला दाखवा. लवकर सापडला तर बरा होण्याची आशा खूप असते.”

“नि उद्या काय खराब निघालं तर?” जयवंतीनं हळूच विचारलं.

“तर उद्यापासून उपचार. आज परातीत जी भोंदूगिरी निघाली, तिच्यावर उपचारच नाही.”

जयवंतीनं कमरेची मिश्रीची डबी काढून विझत्या निखाऱ्यावर उपडी केली, धूर झाला तशी तोंड फिरवलं, आणि खाली वाकून खोबऱ्याची शकलं पदरात गोळा करू लागली.

“राहू दे ना आई ते.”

“राहू दे कसं? उद्या तोंड कापनार. मऊच खायला लागंल. नारळाच्या दुधाची पेज करू.” तिनं रांगेतल्या पुढच्या बाईकडे पाहिलं. “तू कोनाची वाट बघतंस गो? चल, उद्या माझ्यासंगती.”